फिल्मवर काही दिसलं नाही

मी एमआरआय टेक्निशियन आहे. अंधेरीतल्या एका इस्पितळाच्या तळघरात, मशीनच्या खोलीबाहेर काचेच्या अलीकडे बसून माझी बावीस वर्षं गेली. माणसाला सरकत्या पलंगावर झोपवायचं, त्याआधी किल्ल्या, घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढायला लावायचं, कानात कापूस घालायचा, हातात रबरी फुगा द्यायचा, घाबरायला झालं तर दाबा म्हणून सांगायचं आणि मग काचेमागून माईकवर बजावायचं, हलू नका. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, आम्ही नाही. पण इतक्या वर्षांत नजर तयार होते. गाठ, रक्तस्राव, दबलेली नस पडद्यावर उमटली की लगेच कळते. बाहेर बसलेले नातेवाईक केविलवाणं तोंड करून विचारतात, काय निघालं हो? आम्ही सांगायचं नसतं आणि मी कधी सांगितलंही नाही. मनात मात्र प्रत्येकाचा निकाल लावून मोकळा व्हायचो. हा खरा आजारी. हा उगाच आला.

ही सवय मी घरी नेली. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

माझी बायको साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात कामाला होती. विजेच्या स्विचची जुळणी करायचं काम. दिवसभर स्टुलावर बसून स्प्रिंगा आणि स्क्रू बसवायचे. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात कारखान्याच्या जिन्यावर तिचा उजवा पाय मुरगळला. सूज आली, बर्फ लावला, चार दिवसांत सूज उतरली. आठवड्याभरात ती पुन्हा कामावर गेली आणि तिसऱ्या दिवशी दोन मैत्रिणींच्या खांद्यावर हात टाकून घरी आली. उजवा पाय उचलतच नव्हता. चालताना तो मागे फरफटत यायचा, ओल्या गोणीसारखा.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडाला काही नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी नसांची तपासणी केली, तीही ठीक निघाली. मग मेंदू आणि मणक्याचा एमआरआय करायचं ठरलं आणि तो मीच केला. सहकारी म्हणाला, घरचं माणूस आहे, मी करतो, तू चहा पिऊन ये. मी ऐकलं नाही. तिचं मंगळसूत्र माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, तिच्या हातात फुगा दिला आणि काचेमागे येऊन बसलो. माईकवर म्हटलं, हलू नकोस गं. आतून आवाज आला, नाही हलत.

पाऊण तास मी एकेक चित्र पडद्यावर उमटताना बघत होतो. त्या पाऊण तासात मी किती देव आठवले ते सांगत नाही. मेंदू स्वच्छ होता. पाठीचा कणा स्वच्छ. कमरेत मणक्यांमधली एक गादी किंचित पुढे आलेली, ती माझ्याही पाठीत असेल. मी उठून सहकाऱ्याला मिठी मारली. तिला बाहेर काढून सांगितलं, काही नाहीये तुला.

ती पलंगावर उठून बसली होती. म्हणाली, “मग हा उचलत का नाही?”

“आता उचलेल,” मी म्हटलं.

मला खरंच तसं वाटत होतं. काही नाही हे कळलं की माणूस बरा होतो, अशी माझी समजूत होती. रिक्षापर्यंत ती पाय ओढतच आली. मी मागून बघत होतो, आणि माझ्या मनात पहिल्यांदा ते आलं. काही नाही, तरी ओढतेय.

आमचं गाव सिंधुदुर्गात. घरी पाच दिवसांचा गणपती असतो, गौरी असतात. आई तिथे एकटी राहते आणि गणपतीत मुंबईची माणसं उतरली की घर भरतं. म्हणजे बायकांना पाच दिवस चुलीपुढून उठायला मिळत नाही. बायको दरवर्षी जायची, कधी कुरकुर केली नाही असं नाही, पण जायची. त्या वर्षी म्हणाली, मला झेपणार नाही, तुम्ही आणि मुलगी जा. मी आईला फोन केला. आईने एवढंच विचारलं, “फोटोत काय दिसला?” मी सांगितलं, काही नाही. “मगे झाला तर,” आई म्हणाली. “येवचा नसात तर तसा सांगूक सांग तिका.”

मी आईला गप्प केलं नाही. उलट मला बरं वाटलं. माझ्या मनात होतं ते दुसऱ्या कुणीतरी बोललं होतं.

आम्ही दहिसरला नदीच्या बाजूच्या बैठ्या चाळीत राहतो. नळ सामायिक, चाळीच्या टोकाला. पाणी सकाळी सहाला येतं, तासभर. गणपतीला कुणीच गेलो नाही, आणि त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. माझी दुपारची पाळी होती म्हणून मी घरी होतो. मुलगी क्लासला गेली होती. बायको भिंतीला धरून धरून नळाकडे गेली. मी अंथरुणात पडून होतो. थोड्या वेळाने दारातून बघितलं तर ती भरलेला टब दोन्ही हातांनी धरून आमच्या दाराकडे ओढत आणत होती. पाठ माझ्याकडे, तोंड नळाकडे. ती उलटी चालत होती. आणि तिचा उजवा पाय बरोबर पडत होता. आधी पंजा, मग टाच, डाव्याच्या मागे उजवा, नीट, तालात.

मी मोबाइल उचलला आणि व्हिडिओ काढला. टब दारापाशी आला, ती सरळ झाली, घरात यायला वळली आणि त्याच क्षणी पाय पुन्हा फरफटायला लागला. तेही मी काढलं. नाटक कुठे सुरू होतं ते सगळ्यांना दिसावं म्हणून.

मी तिला काही बोललो नाही. व्हिडिओ आईला पाठवला. आणि पुढच्या रविवारी मुलुंडला तिच्या भावाकडे जेवायला बोलावलं होतं, तिथे जेवणं झाल्यावर मोबाइल मधे ठेवला. भाऊ तिच्याहून धाकटा, बँकेत आहे, शांत माणूस. तो आणि त्याची बायको वाकून बघायला लागले. माझी बायको समोरच सोफ्यावर होती. तिला वाटलं मुलीच्या गॅदरिंगचं काहीतरी आहे. तीही पुढे झुकली.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. भावाने तो दुसऱ्यांदा लावला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, “ताई, हे काय गं?”

ती पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, “टब जड होता.” मग म्हणाली, “कसा चालला ते मला माहीत नाही.”

भावाची बायको उठून ताटं गोळा करायला लागली. मी जिंकलो होतो. हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा मला तसंच वाटलं होतं. रिपोर्ट माझ्या बाजूने, व्हिडिओ माझ्या बाजूने. मुलगी तेव्हा आतल्या खोलीत होती, म्हणून परतताना टॅक्सीत मी तिला तो दाखवला. तिने बघितला आणि मोबाइल परत दिला. म्हणाली, “बाबा, शूटिंग करण्याऐवजी टब उचलला असतात तर?”

मी तिला दरडावलं.

त्यानंतर आठ महिने गेले. बायकोने कारखाना सोडला. घरात ती बसून सरकायला लागली. भाजी चिरणं, पीठ मळणं, सगळं जमिनीवर. कुणी आलं की दाराआड व्हायची. पाय कसा आहे असं मी विचारायचं बंद केलं आणि तिने सांगायचं बंद केलं. नळावर ती पुन्हा कधी गेली नाही. मुलगी पाणी भरायची आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची. चाळीतल्या एका बाईने विचारलं, वहिनींना काय झालंय? मी म्हटलं, टेन्शन. म्हणताना हसलोसुद्धा असेन.

मग आमच्या इस्पितळात मेंदूच्या एक डॉक्टरीणबाई आल्या, माझ्याहून वयाने बऱ्याच लहान. त्यांचं संशोधनाचं काम सुरू होतं आणि त्यासाठी रविवारी मशीन मोकळं असताना त्या स्कॅन करून घ्यायच्या. हा स्कॅन आमच्या नेहमीच्या स्कॅनहून वेगळा होता. पेशंटला काही करायचं नसतं. डोळे उघडे ठेवून समोरच्या फुलीकडे बघत दहा मिनिटं पडून राहायचं, झोपायचं नाही, मुद्दाम कसला विचार करायचा नाही. तेवढ्या वेळात मशीन दर दोन-अडीच सेकंदांनी सगळ्या मेंदूचं एक चित्र घेतं. एकेका जागेचा रक्तपुरवठा किंचित वर-खाली होत असतो. ज्या दोन जागा एका तालात वर-खाली होतात त्यांचं आपसात बोलणं चालू आहे असं धरतात. डॉक्टरीणबाई त्याला मेंदूतली जोडणी म्हणायच्या. मला ते सगळं वेळ घालवणं वाटायचं. माणूस नुसता पडून आहे, त्यात काय बघायचं?

एका रविवारी एक मास्तर आले. पन्नाशीचे, वॉकर घेऊन. उजवा नाही, डावा पाय, पण तसाच फरफटत, तसाच ओल्या गोणीसारखा. त्यांचे साधे एमआरआय मी पडद्यावर बघितले. स्वच्छ. ते गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मॅडम, हे लोक नाटक करतात, तुम्हाला कळत नाही का? माझ्या घरीच आहे एक. आणि मी मोबाइल काढून व्हिडिओ लावला. अनुभवी माणूस नवशिक्याला काहीतरी शिकवतो तशा ऐटीत.

त्यांनी तो तीनदा बघितला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, पटलं.

“हा तुम्ही काढलात?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “किती दिवसांपूर्वी?” मी सांगितलं.

त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, “नाटक करणारा माणूस उलटा चालतानासुद्धा लंगडतो. तो विसरत नाही. ह्यांचा पाय उलटं चालताना सुटतो, कारण तेव्हा त्यांचं लक्ष पायावर नाही, टबावर आहे. हीच आजाराची खूण आहे. आम्ही ओपीडीत हेच शोधतो.”

मी काहीतरी बोललो. फिल्म स्वच्छ आहे, असंच काहीतरी. त्यावर त्यांनी मला साकीनाक्याचं उदाहरण दिलं, कारण त्या रोज तिथे अडकायच्या. वरून रस्त्यांचा फोटो काढला तर चारही रस्ते धड दिसतील, कुठे खड्डा नाही. तरी गाडी पुढे जात नाही, कारण कुणाला कधी सोडायचं हे बिघडलंय. तुम्ही रस्ते तपासलेत, त्या म्हणाल्या, वाहतूक नाही.

बायकोला तपासायला न्यायचं तर तिला आधी काय सांगायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, एक चांगल्या डॉक्टर आहेत. ती म्हणाली, “व्हिडिओ त्यांनाही दाखवलात?” मी हो म्हटलं. ती आली. मला वाटतं, आता ह्याहून वाईट काही उरलं नाही असं समजून आली.

तिथे तपासणीच्या पलंगावर डॉक्टरीणबाईंनी तिला उताणं झोपवलं आणि मला जवळ बोलावून माझा तळवा तिच्या उजव्या टाचेखाली ठेवायला लावला. मग तिला सांगितलं, ही टाच खाली दाबा. तिने डोळे मिटले, कपाळावर शीर उभी राहिली. माझ्या हातावर काहीच दाब आला नाही. नुसतं टाचेचं वजन. मग त्या म्हणाल्या, आता उजवा विसरा, डावा पाय वर उचला, मी वरून दाबतेय, जोर लावा. तिने डावा उचलला आणि त्याच क्षणी उजव्या टाचेने माझा हात गादीत दाबला. जोरात. काढून घ्यावा लागला.

पायात ताकद होती. तिने मागितली की मिळत नव्हती, न मागता येत होती.

डॉक्टरीणबाईंनी हे तिलाही समजावलं, दोनदा करून दाखवलं. बायको छताकडे बघत ऐकत होती. मग विचारलं, “म्हणजे हे मी करत नाहीये ना?”

“नाही.”

“नक्की ना? कारण मलाच वाटायला लागलं होतं, की मीच करतेय.”

मी त्या खोलीत होतो. तिच्यापासून हातभर अंतरावर. इतरांनी तिच्यावर विश्वास ठेवू नये एवढंच मी केलं असं मला वाटत होतं. तिचा तिच्यावरचाही काढून घेतला होता.

उपचार सुरू झाले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई तिला आधी उलटंच चालायला लावायच्या, मग बाजूला, मग गाणं म्हणत पुढे. पाय कधी ताब्यात येतो, कधी जातो. पण घरच्या माणसांना सांगायचं राहिलं होतं. त्यांच्यासाठी मी डॉक्टरीणबाईंकडे एक गोष्ट मागितली. तिचाही तो दहा मिनिटांचा स्कॅन करा, म्हटलं, रविवारी, मीच करतो, आणि त्यात कुठे बिघडलंय ते रंगीत करून द्या. मला दाखवायला काहीतरी हवंय.

त्या नाही म्हणाल्या. असं एका माणसाचं दाखवता येत नाही. अशा बऱ्याच पेशंटांचे आणि धडधाकट लोकांचे स्कॅन शेजारी ठेवले की सरासरीत फरक दिसतो. हालचाल मीच करतोय ही जाणीव ज्या भागातून येते आणि प्रत्यक्ष पाय हलवणारा जो भाग आहे, त्यांचं बोलणं कमी झालेलं दिसतं. पण एकट्या माणसाच्या चित्रावरून, ह्याला आहे किंवा नाही, असं आज कुणी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. “रोग तपासून कळतो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हाताखाली कळला की.”

म्हणजे माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. फक्त सांगायचं होतं.

मुलुंडला मी एकटा गेलो. त्याच सोफ्यावर बसून सगळं सांगितलं, टाचेचं, टबाचं. तिचा भाऊ ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “भावोजी, तेव्हा तुम्ही पुरावा दाखवलात. आता नुसतं बोलताय.” त्यात टोमणा नव्हता, तो खरंच गोंधळला होता. मग म्हणाला, “मी तेव्हा तुमचं ऐकायला नको होतं. माझीच बहीण ती.” चहा न घेता मी निघालो, त्यानेही आग्रह केला नाही.

आईशी बोलायचं मी दोन महिने टाळलं. मग गणपती पुन्हा जवळ आले आणि तिचा फोन आला. औंदा तरी येतली काय? मी सांगायला सुरुवात केली. मेंदू, जोडणी, लक्ष. आई मधेच म्हणाली, “ता माका काय कळत नाय. फोटोत काय दिसला काय नाय, ता सांग.”

मी म्हटलं, “दिसलं. छोटा डाग आहे.”

का म्हटलं? सोपं होतं म्हणून. बावीस वर्षं माझाही त्याच्यावरच भरवसा होता म्हणून. आईचा आवाज लगेच बदलला. अरे बापरे, पोरी, असं काहीतरी पुटपुटली, देवीला नारळ बोलली, तिका काय काम करूक देवू नको, म्हणाली. मला हलकं वाटलं. फोन ठेवून वळलो तर बायको आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

“कसला डाग?” तिने विचारलं.

मी मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“म्हणजे डाग असता तरच मी खरी,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “तुमच्याही डोक्यात अजून तेच आहे.”

नाही, मी म्हटलं, आईला समजावं म्हणून. ती पुढे आली, पाय ओढत, आणि माझ्या हातातून मोबाइल घेतला. आईला फोन लावला. ती आईशी नेहमी मालवणीतच बोलते. सांगितलं, डाग-बिग काय नाय, फोटो चांगलो आसा, ह्यांनी तुमका खोटा सांगल्यानी. आणि पाय माझो माझ्या हातात नाय, ता खरा आसा. पुढची वीस मिनिटं ती सांगत राहिली. पायऱ्यांवर मुरगळल्यापासून सगळं, माझ्यापेक्षा चांगलं. मधे मधे ती थांबायची, म्हणजे आई काहीतरी विचारत असणार. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतो.

शेवटी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. आईंना तुमच्याशी बोलायचंय.

“तो व्हिडिओ तूच काढललस मा?” आईने विचारलं.

मी हो म्हटलं.

आई म्हणाली, “मी तो शेजारणीक दाखवलंय. आम्ही दोघी हसलो रे.” आणि तिने फोन ठेवला.

त्या वर्षी आम्ही तिघंही गणपतीला गेलो. बायको काठी घेऊन चालत होती. आईने तिच्यासाठी चुलीपाशी एक जुनी खुर्ची आणून ठेवली होती आणि पाच दिवसांत माझ्याशी एक शब्दही जास्तीचा बोलली नाही. शेजारीण आली तेव्हा आई तिला बाजूला घेऊन गेली. काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण परत आत आल्यावर ती बाई माझ्या बायकोच्या हातातली परात घेऊन स्वतः मोदक वळायला बसली.

व्हिडिओ मी पुसून टाकायला निघालो होतो. बायकोने पुसू दिला नाही. डॉक्टरीणबाईंना शिकवायला हवा असेल तर द्या, म्हणाली, माझी हरकत नाही. आता नव्या डॉक्टरांना तो दाखवतात. त्यात टब दिसतो, तिची पाठ दिसते, चाळ दिसते. तो ज्याने काढला तो दिसत नाही.

तळघरात मी अजून काचेमागे बसतो. एखाद्याची चित्रं स्वच्छ निघाली आणि तो पाय ओढत बाहेर येऊ लागला की मी उठून त्याच्यासाठी दार धरतो. एवढंच करतो. घरी आजही कधी कधी तिचा पाय दिवसभर साथ देत नाही. अशा दिवशी ती मला सांगत नाही, मुलीला सांगते. मी विचारलं तर म्हणते, ठीक आहे. तिचं मला पटतं का, असं तिने त्या डागाच्या फोननंतर एकदाही विचारलेलं नाही.